काळी पाचमधला चक बेरी

कोल्हापुरात बसून रॉक संगीताचा इतिहास शिकावा का, आणि तोही मोबाइलवर, यावर माझं आणि मामांचं जमत नाही. मामा मंगळवार पेठेतले. एसटीच्या नोकरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पेटी मात्र अजून रोज उघडतात. तरुणपणी भजनी मंडळांना साथ केली, देवल क्लबातल्या बैठका मागच्या रांगेत बसून ऐकल्या. अल्लादिया खाँसाहेबांची जयपूर-अत्रौली गायकी म्हणजे त्यांच्या लेखी गाण्याचा कळस. त्यापुढे काही नाही.

मी शाळेत गणित शिकवतो. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठाचे प्राध्यापक जॉन कोव्हॅक यांचा रॉकच्या इतिहासावरचा अभ्यासक्रम 2013 मध्ये 'कोर्सेरा'वर आला. त्याचे दोन भाग आहेत. पहिला रॉकच्या मुळांपासून 1960 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत, दुसरा तिथून 1990 च्या सुरुवातीपर्यंत. वह्या तपासून झाल्या की रात्री कानाला हेडफोन लावून मी तो ऐकतो, टिपणं काढतो, गाणी शोधून परत परत ऐकतो. हे मामांना सांगितलं तेव्हापासून आमचं जे बोलणं चाललंय, त्यातलं बरंचसं इथे मांडतो आहे. मामांचं म्हणणं मला मोलाचं वाटतं. म्हणूनच वाद घालतो.

मामा : मला एवढंच सांग, तुझा हा प्राध्यापक तुला ओळखतो का? तू टिपण चुकीचं काढलंस तर त्याला कळतं का? आमच्या वेळी गुरुजी समोर बसायचे. सूर जरा हलला की त्यांची भुवई वर जायची. त्या भुवईनं जे शिकवलं ते कुठल्या पुस्तकानं शिकवलं नाही. आणि तू म्हणतोस, पडद्यावरचा माणूस बोलतो, मी ऐकतो, आणि शेवटी चारपैकी एका उत्तरावर खूण करतो. याला शिकणं म्हणायचं?

मी : मामा, मी गाणं शिकत नाही. गाण्याचा इतिहास शिकतोय. गिटार शिकायची असती तर मी पण कुणाच्या तरी समोरच जाऊन बसलो असतो.

मामा : इतिहास म्हणजे सनावळ्या. ज्यानं वाजवलं नाही, त्याला त्या सनावळ्या पाठ करून काय मिळणार?

मी : सनावळ्या आहेतच. पण या माणसाचा सगळा भर वेगळ्या गोष्टीवर आहे. गाण्याचा आराखडा ऐकायचा. कुठला भाग कुठे संपतो, कुठे परत येतो, किती बारांनी येतो, हे मोजायचं. गाणं नुसतं कानावरून जाऊ द्यायचं नाही. कोव्हॅक स्वतः गिटार वाजवतात, त्यामुळे ते मोजणं कोरडं होत नाही. तुम्ही एकदा मोजून बघा की.

मी फोनवर चक बेरीचं 'जॉनी बी. गूड' लावलं. 1958 चं गाणं, पावणेतीन मिनिटांच्या आत संपतं. पहिल्यांदा मामांनी नुसतंच ऐकलं, चेहरा घट्ट. दुसऱ्यांदा त्यांचा अंगठा आपोआप बोटांच्या पेरांवर फिरायला लागला. तिसऱ्यांदा त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता सोडला आणि दोन-तीन पट्ट्या चाचपून काळी पाचवर बोट ठेवलं. तिथेच षड्ज होता. मग गाण्याबरोबर त्यांनी नुसते मुख्य सूर धरले. षड्जावर चार बार, मध्यमावर दोन, परत षड्जावर दोन, पंचमावर दोन, आणि षड्जावर दोन. चार मात्रांचा एक बार, असे बारा बार. अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन. पुढच्या कडव्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. तिसरं आवर्तन संपताना त्यांनी मान हलवली, आपण समेवर हलवतो तशी.

मामा : साधं आहे. पण पक्कं आहे. ह्याला तुम्ही काय म्हणता?

मी : बारा बारांचा ब्लूज. अमेरिकेच्या दक्षिणेत, मिसिसिपीच्या खोऱ्यात कापसाच्या शेतांवर राबणाऱ्या काळ्या लोकांच्या गाण्यातून तो घडला. गुलामगिरी कायद्यानं संपली होती, पण कर्ज आणि दहशत संपली नव्हती, त्या काळातली ही माणसं. जुन्या ब्लूजमध्ये बहुतेकदा एक ओळ म्हणायची, तीच परत म्हणायची, आणि तिसऱ्या ओळीत तिला उत्तर द्यायचं. दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत गाणाऱ्याला तिसरी ओळ सुचायला वेळ मिळतो.

मामा : हे आमच्या भजनात पण चालतं. मग त्या सुरुवातीच्या गिटारीचं काय? ती ह्यानं बांधली?

मी : नाही. लुई जॉर्डन नावाचा एक लोकप्रिय गायक होता. त्याच्या 1946 च्या एका गाण्याची सुरुवात कार्ल होगननं गिटारवर वाजवली होती. बेरीनं तीच उचलली, वेगानं आणि खणखणीत वाजवली. पुढे बीटल्स आणि रोलिंग स्टोन्सनी बेरीला उचललं.

मामा : म्हणजे याला पण घराणं आहे! मग तुम्ही लोक उगाच सांगता की रॉक म्हणजे सगळं मोडून टाकणं.

मी : तेच तर मला या अभ्यासक्रमानं दाखवलं. बाहेरून बघणाऱ्याला बंड दिसतं, आत शिरलं की परंपरा दिसते. कुणाकडून काय घेतलं हे नावानिशी सांगता येतं.

मामा : नावानिशी सांगता येतं, ठीक. पण माझ्या कानाचा प्रश्न सुटत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डॉल्बी लागते, छातीत धडधडतं, म्हातारी माणसं दारं लावून बसतात. ही सगळी त्या विजेच्या गिटारीचीच अवलाद ना? आमचे केशवराव भोसले गायला उभे राहिले की माइकशिवाय शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा. 1921 च्या जुलैत मुंबईत बालगंधर्वांबरोबर 'संयुक्त मानापमान' झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. माझे आजोबा सांगायचे त्याबद्दल. तिथे कुठे होता ॲम्प्लिफायर?

मी : डॉल्बीचा त्रास खराच आहे, त्यावर माझं काही वेगळं मत नाही. पण वीज आणि गोंगाट ही एकच गोष्ट नव्हे. मोठ्या वाद्यवृंदात गिटार ऐकूच यायची नाही, म्हणून तिला विजेवर घातलं. पुढे 1950 च्या सुमाराला फेंडरनं पोकळ पोट नसलेली, भरीव लाकडाची गिटार बाजारात आणली, तेव्हा वादकांच्या लक्षात आलं की विजेनं आवाज नुसता मोठा होत नाही, त्याचा पोतच बदलतो. सूर लांबवता येतो, ओढता येतो, चिरकवता येतो. जिमी हेंड्रिक्स ज्या रीतीनं एक सूर धरून ठेवतो ते विजेशिवाय होऊच शकत नाही.

मामा : तो गिटार जाळणारा?

मी : हो. 1967 च्या जूनमध्ये, माँटेरीच्या महोत्सवात.

मामा : त्याच महोत्सवात पंडित रविशंकर वाजवून गेले. ते पुढे म्हणालेत, वाद्य जाळणं, फोडणं बघून फार त्रास झाला म्हणून. अरे, मी पेटीला पाय लागला तर नमस्कार करतो. भाता फाटला तर स्वतः कातडं चिकटवतो. आणि हे लोक जाळतात? ह्याचा पण इतिहास शिकायचा?

मी : शिकायचा. आवडून घ्यायचा नाही. वाद्य फोडणं मलाही बघवत नाही. पण ते कुठून आलं ते कळलं की निदान तो नुसता माज वाटत नाही. 'द हू' या बँडचा पीट टाउनशेंड कलाशाळेत शिकत होता, तिथे त्यानं गुस्ताफ मेट्झगर नावाच्या कलावंताचे विचार ऐकले. मेट्झगर लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटून इंग्लंडला आलेला. घरचे बरेच जण छळात गेले. स्वतःचा नाश करणारी कला, असं काहीतरी तो मांडत होता. महायुद्धाची आठवण ताजी, अणुबॉम्बची भीती. त्या पोरांनी रंगमंचावर जे केलं त्यामागे हे होतं. तुम्हाला पटणार नाही.

मामा : नाही पटत. पण ऐकलं.

मला इथे थोडं थांबून सांगायचं आहे. या अभ्यासक्रमाच्या निमित्तानं मी जे वाचत गेलो, त्यातला माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा भाग सुरांचा नाही, पैशांचा आणि श्रेयाचा आहे. 1949 पर्यंत अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकात काळ्या लोकांच्या गाण्यांची यादीच वेगळी छापली जायची, आणि तिचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्‌स'. त्या वर्षी नाव बदलून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं. यादी वेगळीच राहिली. बिग मामा थॉर्नटन या काळ्या गायिकेनं गायलेलं 'हाउंड डॉग' 1953 मध्ये त्या वेगळ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होतं. 1956 मध्ये एल्विस प्रेस्लीनं तेच गाणं म्हटलं आणि ते जगभर त्याचं झालं. चक बेरीचं पहिलं गाजलेलं गाणं 'मेबलीन', 1955 चं. त्यावर गीतकार म्हणून बेरीबरोबर आणखी दोन नावं छापली होती. त्यातलं एक होतं ॲलन फ्रीडचं. तो रेडिओवर गाणी लावणारा निवेदक होता. त्यानं गाण्याची एक ओळही लिहिली नव्हती. गाणं वाजवलं जावं म्हणून त्याला वाटा दिलेला. पूर्ण श्रेय परत मिळवायला बेरीला 1986 उजाडलं.

मामा : हे काय फक्त तिकडंच घडतं का?

मी : तेच मी तुम्हाला विचारणार होतो. पठ्ठे बापूराव आणि पवळा घ्या. बापूराव म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कुलकर्णी, ब्राह्मण घरातले. पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली. लोक तमाशाला तुटून पडायचे ते बापूरावांच्या लावणीसाठी आणि पवळाच्या गळ्यासाठी, अदेसाठी. लावण्या छापल्या गेल्या, बापूरावांचं नाव शाळेच्या पुस्तकापर्यंत पोचलं. पवळाचं गाणं आपण किती जाणतो?

मामा : थांब. एक बाजू सांगून मोकळा होऊ नकोस. बापूरावांनी काय कमावलं? जातीनं टाकलं, घर सुटलं, आणि 1945 ला हलाखीत गेले. त्यांना एल्विसच्या रांगेत बसवू नकोस.

मी : नाही बसवत. त्याच 1945 साली टेक्सासमध्ये ब्लाइंड विली जॉन्सन गेला, जळालेल्या घरात राहून, आजारी पडून. देवाची गाणी ब्लूजच्या ढंगानं म्हणणारा आंधळा माणूस, रस्त्यावर गायचा. माझं म्हणणं एवढंच, की बापूराव आणि पवळा दोघंही खंक राहिले तरी त्यांच्या आठवणीचे वाटे सारखे झाले नाहीत. आणि हा प्रश्न मला आपल्या कुठल्या संगीत-इतिहासाच्या पुस्तकानं विचारायला शिकवला नाही. तो मला परक्या देशातल्या परक्या गाण्याचा इतिहास ऐकताना सुचला.

मामा : हं. गोव्याच्या केसरबाई, मोगूबाई. त्या पण कलावंत घराण्यातल्या. कुणी त्यांना सुखासुखी मोठं म्हटलं नाही. गाण्याच्या जोरावर म्हणायला लावलं.

मी : मामा, केसरबाई निघाल्याच आहेत तर एक सांगतो. अंतराळात गेलेल्या व्हॉयेजर यानावरच्या तबकडीत त्यांचं गाणं आहे हे तुम्हाला माहीत आहे.

मामा : हे काय विचारतोस! भैरवी. 'जात कहाँ हो'. साडेतीन मिनिटांची. 1977 ला यान गेलं आणि त्याच सप्टेंबरात बाई गेल्या. व्हॉयेजर एक 5 तारखेला उडालं, बाई 16 तारखेला. आणि लहानपणी त्या कोल्हापुरात होत्या, अब्दुल करीम खाँसाहेबांकडे आठ महिने शिकल्या. पुढे 1921 पासून अल्लादिया खाँसाहेबांची तालीम. म्हणजे आपल्या गावाचा सूर आहे तो.

मी : त्याच तबकडीवर चक बेरी आहे. तुम्ही आत्ता काळी पाचवर धरलंत ते गाणं.

मामांनी पेटीचा भाता बंद केला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. केसरबाईंच्या तबकडीचा अभिमान कोल्हापुरातल्या गाणं ऐकणाऱ्या प्रत्येकाला आहे, पण तिच्या शेजारी कोण बसलंय हे बघायची वेळ फारशी कुणावर येत नाही. मी त्यांना सांगितलं : सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी, जगभरातल्या संगीताचे 27 तुकडे, साधारण दीड तासाचं ऐकणं. बाख, मोझार्ट, बीथोव्हेन. ब्लाइंड विली जॉन्सनसुद्धा, 1927 चं ध्वनिमुद्रण. केसरबाईंचं नाव सुचवलं रॉबर्ट ब्राउन या संगीत-अभ्यासकानं. चक बेरीवर मात्र भांडण झालं. लोकसंगीत गोळा करण्यात आयुष्य घालवलेले ॲलन लोमॅक्स सल्लागार होते. त्यांचं मत असं की रॉक हे पोरवयातलं संगीत, पृथ्वीच्या वतीनं ते पाठवायचं कशाला. तबकडीच्या निवड समितीचे प्रमुख कार्ल सेगन यांनी उत्तर दिलं की या पृथ्वीवर पोरवयातली माणसं पुष्कळ आहेत.

मामा : लोमॅक्सचं बरोबर होतं.

मी : का?

मामा : कारण वय वाढलं की जे सुटतं ते पोरवयातलं. केसरबाईंचं गाणं मी विशीत ऐकलं तेव्हा अर्धं कळलं नाही, साठीत ऐकतो तेव्हा पाऊण कळतं. चक बेरी पहिल्या झटक्यात कळतो. तू म्हणालास म्हणून तीनदा ऐकला, तिसऱ्यांदा पूर्ण उलगडला. आता त्यात राहिलं काय?

मी : त्यात राहिलं हे, की तुम्ही मोजलेलं आवर्तन एक माणूस गाडी चालवताना, दुसरा नाचताना, तिसरा रडताना वापरतो आणि ते प्रत्येकाला पुरतं. साध्या साच्याचं बळ वेगळं असतं. जात्यावरच्या ओवीचा साचा किती साधा! म्हणून ती पोरवयातली होत नाही.

मामा : ओवीवर येऊ नकोस. ओवी म्हणणारीला कुणी तिकीट काढून ऐकत नव्हतं. ती स्वतःसाठी म्हणायची. बाजारात मांडलेलं गाणं आणि जात्यावरचं गाणं एका पारड्यात घालायचं नाही.

हे त्यांचं म्हणणं मला उत्तर देता येण्यासारखं वाटलं नाही, आणि मी दिलंही नाही. रॉक जन्मापासून विकण्यासाठी होता. ब्लूज शेतावरून आला, तरी तो रॉक झाला रेकॉर्ड कंपनीच्या खोलीत.

मामा : आणि खरी गोष्ट सांगू? तुझ्या अभ्यासक्रमाचं सगळं घर रेकॉर्डवर उभं आहे. चक बेरीचं गाणं म्हणजेच ती रेकॉर्ड. दुसरं मूळ नाहीच. म्हणून तुझा प्राध्यापक ते पडद्यावरून शिकवू शकतो. अल्लादिया खाँसाहेबांची एक तबकडी दाखव.

मी : नाही. एकही नाही.

मामा : शाहू महाराजांनी त्यांना दरबारी ठेवलं, किती वर्षं ते या गावात राहिले, गायले, शिकवलं. तरुणपणी त्यांचा आवाज बसला होता, ठाऊक आहे तुला? आमलेट्याच्या दरबारात गाऊन गाऊन बसला. गेलेला आवाज परत येईना, म्हणून जो आवाज उरला त्याला साजेल अशी गायकी त्यांनी नव्यानं बांधली. वक्र चाल, लयीशी गुंफलेल्या ताना, दमसासाचा हिशेब. आज ज्याला जयपूर गायकी म्हणतात ती त्या बसलेल्या आवाजातून निघाली. आणि तो आवाज कुणी टिपला नाही. 1946 ला ते गेले. आता तुझ्या पडद्यावरच्या इतिहासात खाँसाहेब कुठे बसवणार? तिथे जे वाजवून दाखवता येत नाही ते घडलंच नाही असं होतं.

मी : ते कुठे आहेत सांगू? मंजी खाँसाहेबांच्यात, भूर्जी खाँसाहेबांच्यात, मोगूबाईंच्यात, मल्लिकार्जुन मन्सूरांच्यात. आपल्या कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णींच्यात. त्या भूर्जी खाँसाहेबांकडे शिकल्या आणि मग केसरबाईंकडे.

मामा : हे तर मी म्हणतोय. माणसातून माणसात. मोबाइलमधून नाही.

मी : पण आवाज बसल्याची गोष्ट तुम्हाला कशी कळली? तुम्ही तिथे नव्हता. खाँसाहेबांनी आपल्या आयुष्याची हकीगत नातवाला, अझीझुद्दीन खाँना सांगितली आणि त्यांनी ती लिहून घेतली, म्हणून ती आहे. गोविंदराव टेंब्यांनी 'माझा संगीत व्यासंग' लिहिलं, ते तुमच्या फळीवर आहे, पानं सुटलीत इतकं वाचलेलं. तुम्ही टेंब्यांना भेटला नाहीत. तरी तुमच्या डोळ्यांपुढे तो काळ उभा राहतो. मग टेंब्यांचा कागद चालतो आणि कोव्हॅकचा पडदा का चालत नाही?

मामा : टेंबे इथले. त्यांनी ऐकलं, वाजवलं, मग लिहिलं.

मी : आणि रॉक काय सगळा परका आहे? क्वीनचा फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथेच 1958 च्या सुमाराला शाळकरी पोरांनी 'द हेक्टिक्स' नावाचा बँड काढला, हा त्यात पियानो वाजवायचा. सातारा जिल्ह्यात, मामा. जॉर्ज हॅरिसननं 1968 च्या जानेवारीत मुंबईच्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्या वादकांना घेऊन ध्वनिमुद्रण केलं. बीटल्सच्या 'द इनर लाइट'चं संगीत तिथलं, त्यात हरिप्रसाद चौरसिया आहेत. हे गाणं इकडून तिकडं आणि तिकडून इकडं कधीचं चाललंय.

मामा : पाचगणीत?

मी : पाचगणीत.

मामा : बरं. पण एक विचारतो. तू रात्र रात्र जागून मेम्फिस आणि शिकागोच्या गल्ल्या पाठ केल्यास. चेस रेकॉर्ड कंपनी कुणी काढली, कोण कुठल्या रस्त्यावर गायचा, कुणाचं कुणाशी बिनसलं. लक्ष्मीबाई जाधव कुठल्या?

मी : कोल्हापूरच्या. हैदर खाँसाहेबांच्या शिष्या, पुढे बडोदा दरबारात गायिका.

मामा : चल, एक आलं. शाहीर लहरी हैदर?

मी : नाव माहीत आहे. पोवाडे वाचलेत थोडे. आवाज कसा होता, डफावर हात कसा पडायचा, कुणाला विचारायचं ते कळत नाही.

मामा : बघ आता. तुला काळ्या लोकांच्या यादीचं नाव कुठल्या साली बदललं ते माहीत आहे. आणि आपल्याकडच्या शाहिराचा हात कसा पडायचा हे विचारायला माणूस सापडत नाही. पिराजीराव सरनाईकांना ऐकलेले अजून चार लोक असतील गावात. ते गेले की संपलं. तुझा दोष नाही म्हणत मी. पण तुझा वेळ कुठे जातोय ते बघ.

इथे मामांचा आवाज चढला होता. मला त्यांचं बोलणं लागलं नाही. उलट मी जे म्हणू पाहत होतो त्याच्या अगदी जवळ ते आले होते. रॉकचा अभ्यासक्रम ऐकताना मला पुनःपुन्हा हेवा वाटतो तो याच गोष्टीचा. अमेरिकेत ब्लूजच्या म्हाताऱ्या गायकांना शोधत लोमॅक्स पितापुत्र तुरुंगांतून, शेतांवरून ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन हिंडले. पोरांनी जुन्या तबकड्या भंगारातून वेचल्या. विद्यापीठांनी त्याचे विषय केले. आणि मग एक प्राध्यापक तो सगळा साठा नीट लावून जगातल्या कुणालाही, कोल्हापुरातल्या गणिताच्या मास्तरालासुद्धा, सांगू शकला. आपल्याकडे गाणं कमी नाही. ते असं रचून, तारखांसकट, कुणाचं काय हे सांगत, सगळ्यांसाठी उघडं ठेवण्याचं काम अर्धवट राहिलंय. जात्यावरच्या ओव्यांसाठी हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हॅं यांनी गावोगाव फिरून ते केलं. कोल्हापूरच्या संगीतासाठी तसं व्हायला हवं, आणि ते ऐकणारी माणसं आहेत तोवर व्हायला हवं.

मी : मामा, म्हणूनच म्हणतो, कोल्हापूरच्या संगीताचा असा अभ्यासक्रम करूया. मी व्हिडिओ करतो, तुम्ही बोला. कोणी काय ऐकलं, कुणाकडून घेतलं, कुठली गोष्ट ऐकीव आणि कुठली डोळ्यांदेखतची, हे वेगवेगळं सांगायचं. तुम्ही ओळखता त्या चौघांकडे आधी जाऊ. पडद्यावरून कुणी खाँसाहेबांची तान शिकणार नाही, हे मला मान्य आहे. पण तान शिकायला कुणाकडे जायचं, एवढं तर कळेल.

मामा : मी कॅमेऱ्यासमोर बोलायचं?

मी : पेटी घेऊन.

मामा : मग पहिला धडा खाँसाहेबांचा. शाहू महाराजांनी त्यांना आणलं तिथून. केशवराव भोसले नाट्यगृहासमोर उभं राहून सुरुवात करायची. महाराजांनी बांधलेलं पॅलेस थिएटर. 2024 च्या ऑगस्टमध्ये जळालं, ती जागा पण दिसली पाहिजे लोकांना.

मी : मी पहिला धडा नाट्यगृहात नाही घेणार. शेजारी खासबाग मैदान आहे. तेही महाराजांनीच बांधलं, 1912 चं. कुस्ती लागली की तिथे हलगी वाजते. हजारो माणसं त्या हलगीवर श्वास धरून बसतात. हलगी वाजवणाऱ्याचं नाव एका तरी पुस्तकात आहे का? ब्लूजपासून सुरुवात करतात तशी आपण हलगीपासून करायची.

मामा : हलगीनं पैलवान उठतो, राग उठत नाही. खाँसाहेबांच्या आधी हलगी घालशील तर मी पेटी उघडणार नाही.

मी : आणि खाँसाहेबांपासून सुरू केलं तर मांगवाड्यातला हलगीवादक परत दहाव्या धड्यात जाईल, आणि दहाव्या धड्यापर्यंत कोणी येत नाही.

मामा : दुसऱ्यात घे.

मी : पहिल्यात.

मामा : मला एकदा त्या हलगीवाल्याला समोर बसून ऐकू दे. किती मात्रांचं धरतो, कुठे सोडतो, मोजून बघतो. मग सांगतो पहिल्यात की दुसऱ्यात.